प्रेम आणि आकलन यांमधील अंतर : 'अ रिव्हर रन्स थ्रू इट' या चित्रपटाची चिकित्सा

गोषवारा

नॉर्मन मॅक्लीन यांच्या आत्मचरित्रात्मक दीर्घकथेवर आधारलेला 'अ रिव्हर रन्स थ्रू इट' हा रॉबर्ट रेडफोर्ड दिग्दर्शित चित्रपट १९९२ मध्ये प्रदर्शित झाला. अमेरिकेतील मॉन्टाना राज्य, एक धर्मोपदेशक पिता, त्याचे दोन पुत्र आणि नदीवरील मासेमारी हे त्याचे विषयद्रव्य आहे. निसर्गदृश्यांच्या देखणेपणामुळे हा चित्रपट नावाजला गेला आणि त्याच कारणासाठी त्याच्यावर टीकाही झाली. प्रस्तुत लेखात या देखणेपणाचा चित्रपटाच्या नैतिक आशयाशी असलेला संबंध तपासला आहे. धाकट्या भावाच्या कौशल्याने दिपून गेलेले कुटुंब त्याचा विनाश ओळखू शकत नाही, आणि प्रेक्षकालाही चित्रपट त्याच अवस्थेत नेऊन ठेवतो, असे प्रतिपादन येथे केले आहे. मूळ संहिता व चित्रपट यांतील महत्त्वाच्या भेदांचाही या अनुषंगाने विचार केला आहे.

बीजसंज्ञा : माध्यमांतर, निवेदन, शोकात्मता, लय, कृपा, मौन.

१. प्रस्तावना

साहित्यकृतीचे चित्रपटात रूपांतर होते तेव्हा चर्चा बहुधा निष्ठेच्या प्रश्नाभोवती फिरते. चित्रपट मूळ पुस्तकाशी किती प्रामाणिक राहिला, काय गाळले, काय नव्याने घातले, याची यादी केली जाते आणि तिच्या आधारे निवाडा दिला जातो. ही पद्धत उपयुक्त असली तरी अपुरी आहे. माध्यम बदलले की मूळ संहितेतील एखादा प्रश्न अधिक तीव्र होतो, तर एखादा बोथट होतो. असे का घडते याचा शोध घेणे हे माध्यमांतराच्या अभ्यासाचे खरे कार्य होय.

'अ रिव्हर रन्स थ्रू इट' या चित्रपटाच्या केंद्रस्थानी एक साधा दिसणारा, पण उत्तर न सापडणारा प्रश्न आहे. आपल्या अत्यंत जवळच्या माणसाला आपल्या मदतीची गरज आहे हे दिसत असताना आपण ती का करू शकत नाही? प्रेमाचा अभाव हे त्याचे कारण नाही. या कुटुंबात प्रेम विपुल आहे. अभाव आहे तो त्या प्रेमाला वापरता येईल अशा भाषेचा. सदर लेखाची मांडणी या सूत्राच्या आधारे केली आहे.

२. मूळ संहिता आणि तिचा लेखक

नॉर्मन मॅक्लीन (१९०२–१९९०) हे शिकागो विद्यापीठात इंग्रजी साहित्याचे प्राध्यापक होते. १९७३ मध्ये निवृत्त होईपर्यंत त्यांनी तेथे अध्यापन केले. ॲरिस्टॉटलच्या काव्यशास्त्राचा नव्याने विचार करणाऱ्या शिकागो येथील समीक्षकवर्तुळात त्यांची गणना होते. शेक्सपिअरच्या 'किंग लिअर'वरील त्यांचा निबंध १९५२ साली प्रसिद्ध झालेल्या त्या वर्तुळाच्या समीक्षासंग्रहात समाविष्ट आहे. शोकात्मिकेचे शास्त्र आयुष्यभर शिकविलेल्या या प्राध्यापकाने स्वतःच्या घरातील शोकात्मिका लिहावयास घेतली ती निवृत्तीनंतर, सत्तरी ओलांडल्यावर. तीन कथांचा त्यांचा संग्रह १९७६ मध्ये शिकागो विद्यापीठाच्या मुद्रणसंस्थेने प्रकाशित केला. नव्या ललित कथालेखनाचे पुस्तक काढण्याची त्या संस्थेची ही पहिलीच वेळ होती. पुढील वर्षी पुलित्झर पुरस्काराच्या निवड समितीने या पुस्तकाची शिफारस केली. परंतु मंडळाने १९७७ साली कथात्म साहित्याचा पुरस्कार कोणासही दिला नाही.

मॅक्लीन यांचे वडील प्रेसबिटेरियन पंथाचे धर्मोपदेशक होते. १९०९ मध्ये कुटुंब मॉन्टानातील मिझूला येथे स्थायिक झाले. धाकटा भाऊ पॉल वृत्तपत्रात काम करीत असे. मे १९३८ मध्ये शिकागो शहरात त्याचा खून झाला. या घटनेला लेखनात उतरविण्यास थोरल्या भावास सुमारे चार दशके लागली, ही बाब येथे लक्षात ठेवावयास हवी. कारण या कृतीत सांगितल्या जाणाऱ्या गोष्टीइतकेच सांगण्याच्या कृतीलाही महत्त्व आहे. घराची गोष्ट लिहिलीस तरच जे घडले ते तुला उमगेल, अशा आशयाचे वडिलांचे बोल दीर्घकथेत अखेरीस, पॉलच्या मृत्यूनंतरच्या संभाषणात येतात. चित्रपटाने मात्र ते अगदी आरंभी ठेवले आहेत. या एका बदलामुळे संपूर्ण चित्रपट एका वचनाच्या छायेत उलगडतो. गोष्ट सांगितली की आकलन होईल, हे ते वचन होय. ते पूर्ण होते की नाही याचा विचार लेखाच्या उत्तरार्धात केला आहे.

३. पित्याची शाळा : शिस्त, लय आणि कृपा

रेव्हरंड मॅक्लीन यांच्या घरात धर्म आणि मासेमारी यांच्यात सीमारेषा नाही, हे निवेदक सुरुवातीसच स्पष्ट करतो. मराठी वाचकासाठी येथे या मासेमारीचे स्वरूप थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. आपल्याकडील नेहमीच्या गळात आमिष आणि वजन असते. ते वजन दोरीला पाण्यात ओढून नेते. चित्रपटातील प्रकारात आमिष जिवंत नसते. पिसे, केस आणि धागे गळाभोवती गुंडाळून कीटकासारखी दिसणारी कृत्रिम माशी तयार केली जाते. ही माशी जवळजवळ वजनरहित असल्याने ती फेकता येत नाही. फेकली जाते ती दोरी. दोरीच्याच वजनाने माशी पाण्यावर अलगद जाऊन बसते. त्यासाठी काठी मागेपुढे नेण्याची लय अचूक साधावी लागते. ताकद लावली की दोरी गुंतते. ट्राउट जातीचा मासा तर अत्यंत सावध. त्यामुळे या प्रकारात संयमाला बळापेक्षा अधिक मोल आहे.

चित्रपटातील पिता ही लय मुलांना लयमापक यंत्राच्या ठोक्यांवर शिकवतो. चार मात्रांची आवर्तने, आणि काठीची हालचाल घड्याळाच्या दहा व दोन या आकड्यांच्या मर्यादेत. या शिक्षणामागे एक धर्मविचार आहे. मनुष्य स्वभावतः पतित आहे. त्याचा उद्धार ईश्वरी कृपेने होतो. पण ती कृपा लाभावी यासाठी आधी ईश्वराची लय आत्मसात करावी लागते, आणि ते काम कष्टाचे आहे. मासा मिळणे व मोक्ष मिळणे या दोन्ही गोष्टी पित्याच्या दृष्टीने एकाच नियमाखाली येतात.

याच शिस्तीची दुसरी बाजू लेखनाच्या धड्यांत दिसते. बालवयातील नॉर्मन निबंध लिहून आणतो. वडील तो तपासून निम्मा करावयास सांगतात. निम्मा करून आणल्यावर पुन्हा निम्मा. तोही समाधानकारक उतरल्यावर ते कागद फेकून देण्याची आज्ञा करतात. हा प्रसंग विनोदी वाटतो आणि प्रेक्षक हसतोही. तथापि संपूर्ण चित्रपटाच्या दृष्टीने तो कळीचा आहे. या घरात भाषा कमी करीत जाण्याचे शिक्षण दिले जाते. अनावश्यक शब्द हा दोष मानला जातो. उत्तम गद्यलेखक घडविण्यास ही शिस्त अनुकूल असली तरी आपत्तीच्या वेळी एकमेकांशी बोलणारे कुटुंब तीतून घडत नाही. वीस वर्षे शब्द काटण्याचे शिक्षण घेतलेल्या घरात 'तुला काय होते आहे' हा प्रश्न विचारण्यासाठी शब्द उरत नाहीत.

धाकट्या पॉलचे बंड या शिस्तीविरुद्ध आरंभापासून आहे. ओटची लापशी खाण्यास नकार देऊन तो तासन् तास ताटासमोर बसून राहतो. हा हट्ट बालसुलभ आहे. पण त्यातून त्याची प्रकृती निश्चित होते. तो मोडणार नाही आणि वाकणारही नाही. पुढे तरुण वयात दोघे भाऊ होडी चोरून नदीच्या उतारावरील भयंकर प्रवाहात घालतात. त्यानंतर स्वयंपाकघरात त्यांच्यात मारामारी होते, मधे पडू पाहणारी आई घसरून पडते आणि दोघेही थिजतात. ही त्यांची एकमेव मारामारी. त्यानंतर संघर्षाचा विषयच बंद होतो. राग व्यक्त झाला तर आईला इजा होते, हा धडा दोघांनीही घेतलेला दिसतो. या घरातील मौनाची जडणघडण अशा छोट्या प्रसंगांतून चित्रपटाने संयतपणे दाखविली आहे.

४. छायाफेक : सौंदर्य आणि आंधळेपण

डार्टमथ येथील सहा वर्षांच्या शिक्षणानंतर नॉर्मन घरी परततो. दोघे भाऊ पुन्हा नदीवर जातात आणि नॉर्मनला पॉलमधील बदल दिसतो. वडिलांनी शिकविलेली चार मात्रांची लय पॉलने मागे टाकली आहे. माशी पाण्याला न टेकवता तो दोरीची मोठमोठी वेटोळी पाण्यालगत हवेत फिरवीत राहतो, जेणेकरून कीटकांचा थवा पाण्यावर उतरतो आहे असा माशाला भास व्हावा. या त्याच्या स्वतःच्या पद्धतीस 'छायाफेक' असे नाव आहे. ब्रॅड पिट यांच्या या दृश्यांतील प्रत्यक्ष फेक जेसन बोर्जर या तज्ज्ञाने केली होती. छायालेखक फिलिप रूसेलो यांनी सूर्य दोरीच्या मागे ठेवून ही दृश्ये टिपली आहेत. त्यामुळे दोरी दिसते ती प्रकाशाच्या रेषेसारखी. रूसेलो यांना या चित्रपटासाठी सर्वोत्कृष्ट छायालेखनाचे ऑस्कर पारितोषिक मिळाले.

येथेच चित्रपटावरील मुख्य आक्षेपाचा विचार केला पाहिजे. दृश्ये अतिशय सुंदर आहेत, आणि हे सौंदर्य जीवनातील दाहकता झाकून टाकते, असे टीकाकार म्हणतात. हा आक्षेप निराधार नाही. परंतु पॉलचे सौंदर्य पडद्यावर कोणाच्या नजरेतून येते, हा प्रश्न येथे विचारावयास हवा. ते सातत्याने नॉर्मनच्या आणि पित्याच्या नजरेतून येते. चित्रपटात अनेकदा पॉल पाण्यात असतो आणि दुसरे कोणीतरी काठावर उभे राहून त्याच्याकडे पाहत असते. पाहणाऱ्याच्या चेहऱ्यावर विस्मय असतो. हा विस्मय खरा आहे. पण तोच अडसरही आहे. जो मनुष्य पाण्यात इतका परिपूर्ण दिसतो, तो काठावर आल्यावर कोसळत असेल हे मनाला पटत नाही.

रात्रीच्या जेवणाच्या प्रसंगातही हेच घडते. पॉल आपल्या वार्ताहरकीतील गमती रंगवून सांगतो, आईवडील मनापासून हसतात, आणि जेवण आटोपताच तो बाहेर पडतो. कोठे जातो हे कोणी विचारीत नाही. मदिराबंदीच्या काळातील चोरट्या दारूच्या गुत्त्यांत आणि जुगाराच्या अड्ड्यांवर त्याच्या रात्री जातात. पोलीस ठाण्यातून एका रात्री नॉर्मनला बोलावणे येते तेव्हा पॉल जुगारात कर्जबाजारी झाल्याची वार्ता त्याला अधिकाऱ्याकडून, म्हणजे परक्याकडून, कळते. भावाला घेऊन परतताना त्या दोघांत जे संभाषण व्हावयास हवे होते ते होत नाही.

प्रेक्षकाची स्थितीही याहून वेगळी नसते. आपणही छायाफेकीच्या त्या दृश्याने मोहित होतो. आपणास पॉल आवडतो. त्याच्या हसण्याने त्याच्या प्रमादांकडे काणाडोळा करावासा वाटतो. चित्रपटाच्या शेवटी त्याच्या मृत्यूची वार्ता येते तेव्हा आपणही काही विचारले नव्हते, केवळ पाहत राहिलो होतो, याची बोचरी जाणीव होते. या दृष्टीने पाहता चित्रपटाचे देखणेपण त्याच्या नैतिक रचनेचा भाग ठरते. मॅक्लीन कुटुंब ज्या मोहात सापडले, त्याच मोहात प्रेक्षकाला पाडून त्याला त्या अपयशाचा वाटेकरी करणे हे त्याचे प्रयोजन आहे.

५. मदतीचा प्रश्न : नील आणि पॉल

नॉर्मनची प्रेयसी जेसी हिचा भाऊ नील ही व्यक्तिरेखा वरवर विनोदासाठी योजल्यासारखी वाटते. तो कॅलिफोर्नियाहून येतो, बढाया मारतो, कॉफीच्या डब्यात गांडुळे भरून मासे धरावयास निघतो. मॅक्लीन बंधूंच्या दृष्टीने गांडुळाचे आमिष म्हणजे जवळजवळ पाखंडच. नदीवर तो एका स्त्रीसह उघड्यावर झोपी जातो आणि दोघांची अंगे उन्हाने भाजून निघतात. हा प्रसंग हास्यकारक आहे.

मात्र रचनेच्या दृष्टीने नील हे पॉलचे उलटे प्रतिबिंब आहे. दोघेही दारूच्या आहारी गेलेले आहेत, दोघेही घरच्यांना हवेहवेसे आहेत, दोघांनाही मदतीची गरज आहे आणि दोघेही ती नाकारतात. भेद एवढाच की नीलजवळ कौशल्य नाही. त्यामुळे त्याचा ऱ्हास सर्वांना उघड दिसतो, त्याची थट्टा होते, आणि त्याची बहीण त्याच्यासाठी उघडपणे दुःख करू शकते. ज्यांना मदत सर्वाधिक हवी तेच ती का घेत नाहीत, हा प्रश्न जेसी उच्चारते. नॉर्मनजवळ उत्तर नसते. प्रेक्षकाला जाणवते की हा प्रश्न नीलविषयी विचारला गेला असला तरी तो ऐकणाऱ्याच्या मनात पॉलविषयी आहे. कौशल्यहीन माणसाचे दुःख बोलून दाखविता येते. कौशल्यवंताचे दुःख त्याच्या कौशल्यामागे दडते. हा विरोध चित्रपटातील सर्वांत सूक्ष्म भाष्यांपैकी एक होय.

नॉर्मन मदतीचा प्रयत्न करीत नाही असे नाही. लोलो येथील जुगाराच्या अड्ड्याशी तो भावाला रोखू पाहतो. शिकागो विद्यापीठातील नोकरी मिळाल्यावर तो पॉलला आपल्याबरोबर येण्याचे सुचवितो. पॉल मॉन्टाना सोडण्यास हसून नकार देतो. या प्रयत्नांत प्रामाणिकपणा आहे, आग्रह नाही. ज्या घराण्यात दोरीला बळ लावणे हा दोष, तेथे माणसाला बळ लावून थांबविणे हा संस्कारांतच बसत नाही. मासेमारीत जो गुण, तोच नात्यात उणीव ठरतो.

६. १९३७ ते १९२६ : काळाच्या बदलाचे परिणाम

रिचर्ड फ्रीडेनबर्ग यांच्या पटकथेने मूळ संहितेत केलेला सर्वांत मोठा बदल काळाचा आहे. दीर्घकथेतील मुख्य घटना १९३७ च्या उन्हाळ्यात घडतात. तेव्हा नॉर्मन पस्तिशीच्या उंबरठ्यावर आहे, जेसी त्याची पत्नी आहे, नील त्याचा मेहुणा आहे. चित्रपटात या घटना १९२६ च्या सुमारास आणल्या आहेत. नॉर्मन नुकताच पदवीधर झालेला तरुण आहे आणि जेसीशी त्याची ओळख नव्याने होते. प्रेमकथेचा एक धागा त्यामुळे उपलब्ध झाला, आणि बालपण ते यौवन असा सलग आलेखही मिळाला.

या बदलाची किंमत मात्र मोजावी लागली आहे. पुस्तकातील नॉर्मन हा प्रौढ मनुष्य आहे. भावाच्या व्यसनांविषयी त्याला अनेक वर्षांपासून ठाऊक आहे आणि तरीही त्याने काही केलेले नाही. म्हणून पुस्तकातील अपराधभावाला वजन आहे. चित्रपटातील नॉर्मन सहा वर्षे दूर होता; तो नुकताच आला आहे; त्याला सारे नवे आहे. त्याची असहायता तारुण्यसुलभ अननुभवाच्या खाती जमा होते. प्रेक्षक त्याला सहज क्षमा करतो. मूळ कथेने ही क्षमा इतक्या स्वस्तात मिळू दिली नव्हती. शोकात्मिकेच्या परिभाषेत बोलावयाचे तर पुस्तकात प्रमाद दोघांकडेही आहे. एकाचा अतिरेक आणि दुसऱ्याचे मौन. चित्रपटात प्रमादाचे पारडे पॉलकडे अधिक झुकते.

स्थळाबाबतही असेच म्हणता येईल. वास्तवातील खून शिकागो या महानगरात झाला. कथेत आणि चित्रपटात तो मॉन्टानाच्याच भूमीत घडतो. त्यामुळे मृत्यू आणि नदी एकाच अवकाशात येतात. ही कलात्मक निवड मॅक्लीन यांचीच आहे आणि रेडफोर्ड यांनी ती स्वीकारली आहे. सौंदर्य आणि संहार यांना एकमेकांपासून दूर पळण्यास जागा राहू नये, असा तिचा परिणाम होतो.

७. परिघावरील स्त्रिया आणि पडद्यावरील नदी

या पुरुषप्रधान घरातील मौनाचा भार स्त्रियांवर अधिक पडतो. ब्रेंडा ब्लेथिन यांनी साकारलेली आई अल्पभाषी आहे. पॉलच्या मृत्यूची वार्ता ऐकल्यावर ती काही न बोलता आत निघून जाते. तिच्या शोकाला शब्द दिले गेलेले नाहीत, आणि या घराच्या रीतीशी ते सुसंगतच आहे. पॉलची मैत्रीण मेबल ही मूळनिवासी तरुणी आहे. गुत्त्यात तिला प्रवेश नाकारला जातो, तिचा अपमान होतो आणि पॉल तिच्या बाजूने हात उगारतो. मूळ कथेत ती अनामिक आहे. चित्रपटाने तिला नाव दिले ही स्वागतार्ह बाब होय. परंतु पॉलच्या मृत्यूनंतर तिच्या दुःखासाठी पडद्यावर जागा उरत नाही. ज्या भूमीच्या सौंदर्याचे चित्रपट इतके गुणगान करतो, त्या भूमीचे पूर्वीचे रहिवासी त्यात परिघावरच राहतात. ही मर्यादा नोंदविणे आवश्यक आहे.

नदीविषयी एक वस्तुस्थिती विचारात घेण्याजोगी आहे. कथेतील नदी बिग ब्लॅकफूट ही आहे. १९९१ मध्ये चित्रीकरण झाले तेव्हा खाणींचे प्रदूषण आणि जंगलतोड यांनी ती ग्रस्त होती. तिच्या वरच्या खोऱ्यात १९७५ साली खाणीच्या टाकाऊ गाळाचा बंधारा फुटला होता. त्यामुळे चित्रपटातील पाणी मुख्यतः गॅलाटिन, यलोस्टोन, बोल्डर अशा दुसऱ्या नद्यांचे आहे. म्हणजे निवेदक ज्या नदीची आठवण सांगतो ती नदी त्या रूपात प्रत्यक्ष चित्रीकरणास उपलब्ध नव्हती. स्मृतीतील पॉल आणि स्मृतीतील नदी यांचे प्राक्तन असे समांतर ठरते. दोघेही उणीव वगळून, उजळ करून सादर झालेले आहेत. येथे चित्रपट स्वतःच्याच मोहात सापडला, असे म्हणावे लागते. नदीच्या जखमेचा पुसटसा निर्देशही आला असता तर सौंदर्यामागील विनाशाचे सूत्र अधिक दृढ झाले असते.

८. शब्द आणि पाणी : शेवटाचा विचार

पिता आणि दोन पुत्र यांची अखेरची मासेमारी हा चित्रपटाचा उत्कर्षबिंदू होय. पॉलच्या गळाला प्रचंड मासा लागतो. दोरी न सोडता तो प्रवाहात ओढला जातो, पाण्याखाली दिसेनासा होतो, पुन्हा वर येतो आणि मासा घेऊन हसत उभा राहतो. वडील आणि भाऊ काठावरून पाहत असतात. पॉलचे संपूर्ण चरित्र या एका दृश्यात सामावले आहे. तो वाहून जात असतो तेव्हा त्याला कोणी हात देत नाही, कारण ते दृश्य अपूर्व असते. या प्रसंगी तो वाचतो. नंतर, जेथे कोणी पाहत नसते तेथे, तो वाचत नाही.

लगेच पुढे मृत्यूची वार्ता येते. पिस्तुलाच्या दस्त्याने मारहाण करून त्याला गल्लीत टाकून दिलेले असते. खून पडद्यावर दाखविलेला नाही. हा संयम योग्य आहे. पुत्राच्या हाताची हाडे मोडली होती असे कळल्यावर पिता एकच विचारतो, हात कोणता? उत्तर येते, उजवा. या प्रश्नोत्तरात सारा शोक एकवटला आहे. ज्या हाताला पित्याने लय शिकविली, ज्या हाताने ती लय ओलांडून स्वतःची कला घडविली, तोच हात. टॉम स्केरिट यांनी हा क्षण कोणताही उमाळा न दाखविता पेलला आहे. शब्द निम्मे करीत जाण्याची शिस्त येथे आपल्या अंतिम बिंदूस पोहोचते. एक शब्द उरतो आणि तो पुरेसा असतो. पण तो उशिरा येतो.

त्यानंतरच्या काळात पिता नॉर्मनला पुन्हा पुन्हा विचारीत राहतो की पॉलविषयी आणखी काही सांगावयाचे राहिले आहे काय. नॉर्मनला तो उत्तम मासेमार होता एवढेच सांगता येते. पित्याला त्याहून अधिक ठाऊक असते. तो सुंदर होता, असे पित्याला म्हणावयाचे असते. जिवंत असताना न बोललेले आता बोलले जाते, आणि तेही सौंदर्याच्याच भाषेत. दुसरी भाषा या घराने कमावलेलीच नव्हती.

पुढे वृद्ध पित्याच्या एका प्रवचनाचा प्रसंग येतो. आपल्या निकटच्यांना नेमके काय द्यावे हे आपणास कळत नाही, कधी कळले तरी ते स्वीकारले जात नाही. तरीही संपूर्ण आकलनाशिवाय संपूर्ण प्रेम करता येते, असा त्याचा आशय आहे. पुस्तकात या स्वरूपाचे विचार पिता-पुत्राच्या खाजगी बोलण्यातून विखुरलेले आहेत. चित्रपटाने त्यांना सार्वजनिक प्रवचनाचे रूप दिले. त्यामुळे ते निष्कर्षासारखे भासतात आणि प्रेक्षकाला दिलासा देतात. माझ्या मते हा दिलासा तपासून घेतला पाहिजे. आकलनाशिवाय प्रेम करता येते हे सत्य आहे. पण ते प्रेम पॉलला वाचवू शकले नाही हेही तितकेच सत्य आहे. प्रवचन पहिले सत्य सांगते. दुसरे सत्य प्रवचन ऐकणाऱ्या नॉर्मनच्या चेहऱ्यावर वाचावे लागते.

अखेरच्या दृश्यात वृद्ध नॉर्मन नदीत एकटा उभा आहे. त्याची सारी माणसे गेली आहेत. त्याचे हात थरथरतात, पण दोरीची लय तीच आहे. पार्श्वभागी रेडफोर्ड यांच्याच आवाजातील निवेदन आहे. पुस्तकात शेवटाकडे पिता नदीकाठी ग्रीक भाषेतील योहानाचे शुभवर्तमान वाचीत बसतो आणि आधी शब्द की आधी पाणी, यावर पिता-पुत्रांत संवाद होतो. धर्मोपदेशकाच्या दृष्टीने पाण्याच्या तळाशी शब्द आहेत. चित्रपटाच्या शेवटी ऐकू येणाऱ्या निवेदनातही हाच ध्वनी आहे. परंतु ते शब्द कोणाचे आहेत आणि काय सांगतात हे वृद्ध नॉर्मनला अखेरपर्यंत उलगडलेले नाही. आरंभीचे वचन असे अपुरे राहते. गोष्ट सांगून झाली. आकलन झाले नाही. चित्रपटाने हे अपुरेपण लपविले नाही, ही त्याची मोठीच जमेची बाजू होय.

या संदर्भात मॅक्लीन यांच्या दुसऱ्या पुस्तकाचा उल्लेख उचित ठरेल. १९४९ साली मॉन्टानातील मॅन गल्च येथे वणवा विझविताना मरण पावलेल्या तरुणांविषयीचे 'यंग मेन अँड फायर' हे त्यांचे अपूर्ण राहिलेले पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर, चित्रपटाच्याच वर्षी, १९९२ मध्ये प्रकाशित झाले. अकाली गेलेल्या तरुणांचा मृत्यू समजून घेण्याचा अट्टाहास तेथेही आहे. एकाच प्रश्नाने या लेखकाला उत्तरायुष्यभर सोडले नाही, हे त्यावरून दिसून येते.

९. निष्कर्ष

प्रस्तुत विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) 'अ रिव्हर रन्स थ्रू इट' या चित्रपटातील दृश्यसौंदर्य त्याच्या नैतिक आशयाशी निगडित आहे. कुटुंबाचा मोह आणि प्रेक्षकाचा मोह एकरूप करणे हे त्याचे कार्य आहे.

२) पित्याने दिलेली संयमाची व अल्पाक्षरतेची शिस्त कला घडविते, परंतु संकटकाळी संवादाची वाट तीच अडविते.

३) नीलची व्यक्तिरेखा ही पॉलचे उलटे प्रतिबिंब असून मदतीचा प्रश्न तिच्याद्वारे उच्चारला जातो.

४) घटनांचा काळ १९३७ वरून १९२६ वर आणल्याने थोरल्या भावाच्या अपराधभावाची धार कमी झाली आहे. माध्यमांतरातील ही महत्त्वाची हानी होय.

५) मूळनिवासी स्त्रीचे दुःख आणि नदीचे वास्तव या दोन्ही बाबतींत चित्रपटाची स्मृती निवडक आहे.

६) गोष्ट सांगितल्याने आकलन होते, या आरंभीच्या वचनाची पूर्तता चित्रपट करीत नाही आणि करण्याचा आवही आणत नाही.

रॉबर्ट रेडफोर्ड यांचे सप्टेंबर २०२५ मध्ये निधन झाले. त्यांच्या दिग्दर्शकीय कारकिर्दीचे मूल्यमापन आता नव्याने होईल, तेव्हा हा चित्रपट केवळ निसर्गरम्य कौटुंबिक कथा म्हणून बाजूला ठेवला जाऊ नये. आपल्या माणसाचे कौतुक करीत असताना त्याची विचारपूस करावयाची राहून जाते, ही गोष्ट मॉन्टानातील एका कुटुंबापुरती मर्यादित नाही. कौतुक आणि विचारपूस या दोन स्वतंत्र क्रिया आहेत. पहिली कितीही मनापासून केली तरी ती दुसरीची जागा घेऊ शकत नाही. हा चित्रपट लक्षपूर्वक पाहणाऱ्यास ही जाणीव झाल्यावाचून राहत नाही.